भिंत कोणाला वाकडी दिसते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एकांकिका एका कारकुनाची. दिग्दर्शकानं सगळ्यांना बसवून ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’ हा जुना जर्मन सिनेमा दाखवला आणि म्हणाला, आपल्याला हे पाहिजे. तुम्ही चार फ्लॅट, म्हणजे भिंतींचे उभे तुकडे, तिरपे कापले, खिडकी त्रिकोणी केली, दिव्यांवर हिरवं आणि जांभळं जिलेटिन लावलं. परीक्षकांनी शेरा दिला : ‘हा एक्स्प्रेशनिझम नव्हे, ही सजावट आहे.’ आता तुम्ही विचारताय की मग एक्स्प्रेशनिझम म्हणजे असतं तरी काय, तो चित्रांतून आला की सिनेमातून, आणि आपल्याकडे तो कधी आला होता का.

परीक्षकांची बाजू घ्यायची मला सवय नाही, पण या खेपेला ते बरोबर असावेत. तीस वर्षं नेपथ्य आणि प्रकाशयोजना करतोय आणि नेमकी हीच चूक मी माझ्या पहिल्या मोठ्या नाटकात केली होती. घरातली घुसमट दाखवायची म्हणून दिवाणखान्याच्या तिन्ही भिंती आत झुकवल्या, दाराची चौकटही तिरकी केली. आईचं काम करणारी ज्येष्ठ नटी रंगीत तालमीला आली, दोन मिनिटं नुसती बघत राहिली आणि म्हणाली, “मी या घरात चाळीस वर्षं राहिलेय. मला ही भिंत वाकडी दिसते का रे? की मला सरळ दिसते आणि फक्त प्रेक्षकाला वाकडी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रयोगात दार चौकटीत अडकलं, बाई शेवटी विंगेतून आत आल्या, आणि जिथे घुसमट व्हायची तिथे हशा झाला. दाराचं दुःख मी कधीच विसरलो. तो प्रश्न मात्र अजून पुरतोय. खाली जे लिहितोय ते सगळं त्या प्रश्नाच्याच उत्तराचं आहे.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत याला अभिव्यक्तिवाद म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण त्यामुळे मुलांना वाटतं की मनातलं जोरात सांगितलं की झालं. मनातलं तर लावणीही सांगते आणि ओवीही. त्यापेक्षा दृक्प्रत्ययवाद, म्हणजे इम्प्रेशनिझम, शेजारी ठेवून बघा. तिथे बाहेरचा प्रकाश डोळ्यांत येतो आणि चित्रकार तो टिपतो. इथे उलटं : आतलं काहीतरी बाहेरच्या वस्तूंवर दाबलं जातं आणि त्या दाबानं वस्तूंचा आकार बदलतो. अभिव्यक्तीला जर्मनमध्ये ‘आउसड्रुक’ म्हणतात. त्यातल्या ‘ड्रुक’चा अर्थ दाब, आणि छपाईसुद्धा. हे लक्षात ठेवा, पुढे लाकडाचे ठसे येणार आहेत.

दाब कोणाच्या आतला, हे ठरल्याशिवाय वस्तू वाकवता येत नाही. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याचं १८९३ सालचं ‘द स्क्रीम’ तुम्ही मोबाइलच्या कव्हरवर शंभर वेळा पाहिलं असेल. एकदा नेपथ्यकाराच्या नजरेनं पाहा. पहिली गोष्ट, तो माणूस किंचाळत असेल-नसेल, पण त्यानं कान झाकलेत. मुंकनं स्वतः लिहून ठेवलंय की दोन मित्रांबरोबर तो फिरायला निघाला होता, सूर्यास्ताला आभाळ रक्तासारखं लाल झालं आणि त्याला निसर्गातून जाणारी एक किंकाळी जाणवली. ती मित्रांना जाणवली नाही, ते पुढे चालत राहिले. आता ते मित्र चित्रात शोधा. मागे, डावीकडे, दोन उभ्या काळ्या आकृती. ताठ. त्यांना काही झालेलं नाही. आणि पुलाचा कठडा? पट्टीनं ओढल्यासारखा सरळ. आभाळ वळतंय, पाणी वळतंय, तो माणूस मेणासारखा वितळतोय, आणि त्या सगळ्याला छेदत कठडा सरळ धावतोय. तो कठडा आणि ते दोन मित्र झाकून चित्र बघा. नागमोडी नक्षी उरेल. भीती निघून जाईल.

तुमच्या नेपथ्यात कठडा नव्हता. चारही फ्लॅट वाकडे, खिडकी वाकडी, साहेब त्यातच वावरतोय, शिपाई त्यातच चहा आणतोय, आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही. मग ते कोणाचं दुःस्वप्न? कोणाचंच नाही. ते फक्त वाकड्या भिंतींचं ऑफिस.

मुंक तसा या चळवळीचा आजोबा. बर्लिनमध्ये १८९२ साली त्याचं प्रदर्शन भरलं ते आठवड्याभरात बंद पाडलं गेलं, आणि अर्थातच त्यामुळे तरुण मुलांमध्ये त्याचं नाव झालं. चळवळ म्हणावी असं पहिलं काही घडलं ते ड्रेस्डेनमध्ये, १९०५ साली. किर्शनर, हेकेल, श्मिट-रॉटलुफ आणि ब्लायल या चार पोरांनी ‘डी ब्रुके’ म्हणजे ‘पूल’ नावाचा गट काढला. चौघंही आर्किटेक्चरचे विद्यार्थी होते, चित्रकलेचे नव्हते. मला हे नेहमी महत्त्वाचं वाटत आलंय, कारण त्यांची चित्रं वेडीवाकडी दिसली तरी आतला सांगाडा पक्का असतो. त्यांनी लाकडाचे ठसे पुन्हा हाती घेतले. लाकूड कोरताना हात मऊ वळण घेऊ शकत नाही. शिरा आडव्या येतात, पटाशी घसरते, कडा टोकदार निघते. या चेहऱ्यांची टोकं म्हणजे नुसती मनाची लहर नव्हे, त्यात हत्याराचा हट्टही आहे. तुम्ही थर्माकोल गरम तारेनं कापलात, म्हणून तुमचा वाकडेपणा गुळगुळीत आला. पुढच्या वेळी जुनी खोक्याची फळी घ्या आणि पटाशी चालवा. फरक हातालाच कळेल.

हा गट बर्लिनला गेला, १९१३ मध्ये फुटला. त्याच सुमारास किर्शनरनं बर्लिनच्या रस्त्यांची चित्रं काढली : उंच टोप्यांतल्या बायका, मागे काळ्या कोटांतले पुरुष, सगळे चाकूच्या पात्यांसारखे, एकमेकांना खेटून आणि तरीही एकमेकांकडे न बघणारे. दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता उभं राहिलात तर ती चित्रं समजायला पुस्तक लागत नाही. म्युनिकमधला दुसरा गट, कांडिन्स्की आणि फ्रान्झ मार्क यांचा ‘निळा घोडेस्वार’, मी इथे सोडून देतोय. तो रस्ता अमूर्ताकडे जातो आणि तुमच्या कारकुनाला तिथे काम नाही. एवढंच सांगतो की मार्क १९१६ साली व्हर्दूनला मारला गेला, त्याचा मित्र आउगुस्ट माके युद्धाच्या पहिल्याच काही आठवड्यांत. नाटकाकडे वळताना हे युद्ध डोक्यात ठेवायला हवं.

आता रंगभूमी. तुमच्या कामाचं सगळ्यात जास्त इथे आहे, आणि मुलं नेमकं हेच गाळून थेट सिनेमावर उडी मारतात.

सुरुवात स्वीडनच्या स्ट्रिंडबर्गपासून. ‘टू डमास्कस’ (१८९८) आणि ‘अ ड्रीम प्ले’ (१९०१) या नाटकांत त्यानं कथानकाची साखळीच सोडून दिली. एक माणूस, आणि त्याला लागणारे एकेक मुक्काम. पंढरीच्या वाटेवर जसे मुक्काम असतात तसे, फक्त शेवटी विठोबा भेटेल याची खात्री नाही. जर्मनांनी हे उचललं आणि त्याला ‘स्टेशनांचं नाटक’ म्हटलं, ख्रिस्ताच्या क्रूसाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या थांब्यांवरून. या रचनेत पात्रांना बहुधा नावं नसतात, पुष्कळदा नायकालाही नाही : बाप, मुलगा, कॅशियर, बाई, शिपाई. ती आळशीपणानं गाळलेली नाहीत. आपण नायकाच्या डोक्यात बसलोय, आणि घाबरलेल्या माणसाला समोरच्याचं नाव दिसत नाही, त्याचा हुद्दा दिसतो.

राइनहार्ड सोर्गेचं ‘भिकारी’ हे नाटक १९१२ साली छापलं गेलं. त्यात कॉफीहाउसचा प्रसंग आहे. रंगमंच एकच, पण एका कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचणारे, दुसरीकडे वेश्या, तिसरीकडे वैमानिक, आणि प्रकाश एकाला उचलतो, दुसऱ्याला टाकतो. आज कॉलेजची कुठलीही एकांकिका बघा, दर दोन मिनिटांनी एक स्पॉट विझतो आणि दुसरा पेटतो. आपल्याला ते इतकं सवयीचं झालंय की त्याला कोणीतरी जन्म दिला असेल असं वाटतही नाही. माक्स राइनहार्टनं हे नाटक बर्लिनला १९१७ च्या डिसेंबरात केलं. तोवर सोर्गे जिवंत नव्हता. तो आदल्या वर्षी सॉमच्या लढाईत गेला होता.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१८ मध्ये, मानहाइमला हासेनक्लेव्हरचं ‘मुलगा’ झालं. दिग्दर्शक रिचर्ड वायशर्ट, नेपथ्य लुडविग झीफर्ट. मधोमध मुलगा, वरून त्याच्यावर एकच झोत. बाकीची पात्रं त्या उजेडाच्या कडेला, अर्धवट अंधारात, कोणाचा खांदा दिसतोय, कोणाचा हात. तो उजेडाचा गोल म्हणजे मुलाचं भान, आणि त्यात येणारी माणसं त्याला जेवढी दिसतात तेवढीच आपल्याला. भिंत वाकवायची गरजच पडली नाही. बापाची भीती अंधारानं दाखवली, कॅनव्हासनं नाही.

एक तांत्रिक मुद्दा इथेच सांगतो. गॅसच्या दिव्यांत हे झालंच नसतं. गॅसचा उजेड सगळीकडे सांडतो. विजेचा झोत हवा तिथे कापता येतो आणि क्षणात विझतो. म्हणून मला कोणी विचारलं की रंगभूमीवरच्या एक्स्प्रेशनिझमची जात कोणती, तर मी सांगेन की तो नेपथ्यवाल्यांचा कमी आणि वायरमनचा जास्त. माझ्या नेपथ्यवाल्या मित्रांना हे आवडत नाही.

पैशाची अडचण तुम्ही पत्रात दोनदा लिहिलीय, म्हणून टोलरचं उदाहरण. एर्न्स्ट टोलरचं ‘परिवर्तन’ ३० सप्टेंबर १९१९ ला बर्लिनच्या ‘ट्रिब्यून’ नाट्यगृहात झालं, तेव्हा लेखक तुरुंगात होता. म्युनिकमधल्या फसलेल्या क्रांतीत भाग घेतला म्हणून पाच वर्षांची शिक्षा. नाट्यगृह लहान, पडदाही नाही. नेपथ्यकार रॉबर्ट नेपाखनं काय केलं? मागे काळोख ठेवला आणि त्यात प्रत्येक प्रसंगाला एकच छोटा तुकडा उभा केला : खिडकी असलेला भिंतीचा तुकडा, काटेरी तारेचा तुकडा. पूर्ण खोली नाहीच. माणसाला आठवतं तेव्हा पूर्ण खोली आठवत नाही, खिडकीच आठवते.

आणि लेओपोल्ड येस्नरच्या पायऱ्या. त्याच वर्षी डिसेंबरात त्यानं बर्लिनच्या सरकारी नाट्यगृहात शिलरचं ‘विल्हेल्म टेल’ केलं. जर्मन प्रेक्षक आल्प्सचे रंगवलेले डोंगर बघायला आलेला, आणि समोर एमिल पिर्खाननं नुसत्या पायऱ्या उभारलेल्या. पहिल्या प्रयोगाला दंगा झाला. पुढच्या वर्षी ‘तिसरा रिचर्ड’मध्ये त्या पायऱ्या रक्तासारख्या लाल. फ्रिट्झ कोर्टनरचा रिचर्ड वर चढला तो राजा म्हणून, आणि खाली आला तो मरायला. आता बघा, या पायऱ्या अगदी सरळ आहेत. काटकोनात. एकही रेघ तिरपी नाही. तरी एक्स्प्रेशनिस्ट रंगभूमी म्हटलं की माझ्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे आधी त्याच येतात, कॅलिगारी नंतर.

बरं, आता कॅलिगारी. २६ फेब्रुवारी १९२० ला बर्लिनमध्ये झळकला, म्हणजे ‘पूल’ गटानंतर पंधरा वर्षांनी. सिनेमा या वरातीत शेवटी सामील झाला. दिग्दर्शक रॉबर्ट वीन, कथा कार्ल मायर आणि हान्स यानोवित्झ यांची, नेपथ्य हेर्मान वार्म, वाल्टर राइमान आणि वाल्टर र्‍योरिग यांचं. कॅनव्हासवर रंगवलेली घरं, रंगवलेले रस्ते, आणि सावल्यासुद्धा रंगवलेल्या. हा शेवटचा भाग मला प्रकाशयोजनाकार म्हणून नेहमी खटकतो. रंगवलेली सावली हलत नाही. नट पुढे सरकला, दिवा बदलला, ती तिथेच. एकाच चौकटीत रंगवलेला उजेड एका बाजूनं आणि खरा उजेड दुसऱ्या बाजूनं. सिनेमात कॅमेरा जागेवर खिळवून हे निभावून नेता येतं. रंगमंचावर पहिल्या रांगेतल्या माणसाला एक दिसतं आणि बाल्कनीतल्याला भलतंच. म्हणून कॅलिगारीची थेट नक्कल स्टेजवर हमखास पडते.

त्यातले नट नीट बघा. कॉनराड फाइट (सेझार) आणि वेर्नर क्राउस (डॉक्टर कॅलिगारी) हे दोघंच त्या जगाचे रहिवासी वाटतात. झोपेत चालणारा सेझार भिंतीला चिकटून सरकतो तेव्हा तो त्या भिंतीतूनच झिरपल्यासारखा दिसतो. बाकीचे नट मात्र चांगल्या घरातल्या दिवाणखान्यात आल्यासारखे हातवारे करतात, मागची भिंत आपल्याशी संबंधित नाही अशा थाटात. तुमच्या एकांकिकेचा व्हिडिओ मी पाहिला. तुमचेही सगळे नट असेच होते, कारकूनसुद्धा.

त्या सिनेमातला तुमच्या उपयोगाचा तुकडा कोणीच सांगत नाही. कॅलिगारी जत्रेत खेळ लावायची परवानगी मागायला नगरपालिकेच्या कारकुनाकडे जातो. तो कारकून एका अशक्य उंच स्टुलावर, टेबलावर ओणवा बसलाय आणि खाली बघायलाही तयार नाही. त्याच रात्री त्याचा खून होतो. एक स्टूल! सरकारी कचेरीच्या खिडकीत रांग लावलेल्या कोणालाही त्या स्टुलाची उंची पटेल. ते स्टूल वाकडं नाही, ते फक्त अर्जदाराला दिसतं तितकं उंच आहे.

शेवट तुम्हाला माहीत आहे : गोष्ट सांगणारा फ्रान्सिस वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण निघतो. म्हणून पुस्तकांत लिहितात की वाकडं नेपथ्य म्हणजे वेड्याची नजर. ठीक. पण मग इस्पितळाचं अंगण बघा. गोष्ट संपलीय, आपण ‘खऱ्या’ जगात आलोय, तरी अंगण तेच, तितकंच वाकडं. नेपथ्यवाल्यांनी दुसरा सेट करायचा कंटाळा केला असेल, किंवा मुद्दाम ठेवला असेल. परिणाम एकच : इस्पितळाच्या शहाण्या डॉक्टरचं जगही सरळ नाही. युद्ध हरलेल्या, तोवर साहेबांचे हुकूम पाळत आलेल्या देशात ही शंका किती टोचली असेल याचा विचार करा. समीक्षक सिगफ्रीड क्राकाउएरनं पुढे १९४७ मध्ये ‘फ्रॉम कॅलिगारी टू हिटलर’ या पुस्तकात याच सिनेमापासून हिटलरपर्यंत रेघ ओढली. ती मला जरा जास्तच सरळ वाटते, पण पुस्तक वाचा.

यानंतर जर्मन सिनेमानं शहाणपण केलं. रंगवलेली सावली टाकून खरी घेतली. मुर्नाउचा ‘नॉस्फेराटू’ (१९२२) बराचसा खऱ्या गावांत आणि किल्ल्यात चित्रित झाला, आणि जिन्यावरून चढणारी ती लांब बोटांची सावली कॅनव्हासच्या दहा गल्ल्यांना पुरून उरली. त्याच मुर्नाउचा ‘शेवटचा माणूस’ (१९२४) तुम्ही आधी बघायला हवा होता, कारण ती तुमच्याच कारकुनाच्या भाऊबंदाची गोष्ट आहे. मोठ्या हॉटेलचा म्हातारा दरवान, त्याचा झुपकेदार गणवेश काढून घेतात आणि त्याला खाली स्वच्छतागृहात काम देतात. हॉटेल साधंच आहे, फिरतं दार आणि भलामोठा दर्शनी भाग. पण गणवेश चोरून पळताना ती इमारत त्याच्या अंगावर कलते. एका क्षणापुरती. मग पुन्हा सरळ. कार्ल फ्रॉयंडनं कॅमेरा स्वतःच्या अंगाला बांधून दारूच्या नशेचं दृश्य घेतलं. जग फिरतं ते म्हाताऱ्याच्या नजरेत, आणि बाकीचा वेळ शेजारणी नेहमीसारख्या गाद्या झटकतात.

हिटलर आल्यावर ही माणसं पांगली. फ्रिट्झ लांग, सिओडमाक, बिली वाइल्डर अमेरिकेत गेले, आणि हॉलिवूडच्या चाळीसच्या दशकातल्या गुन्हेपटांत खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या पडू लागल्या. फ्रॉयंड आधीच गेला होता, त्यानं १९३१ चा ‘ड्रॅक्युला’ चित्रित केला आणि म्हातारपणी ‘आय लव्ह लुसी’ या विनोदी मालिकेला तीन कॅमेऱ्यांसाठी एकसारखा, सपाट, सावलीरहित उजेड बसवून दिला. आजच्या आपल्या मालिकांमधली ट्यूबलाइटसारखी स्वयंपाकघरं त्याच वळणाची. सावलीचा उस्ताद शेवटी सावली पुसायला लागला. पोट कोणाला चुकलंय?

१९३७ च्या जुलैत नाझींनी म्युनिकला ‘अधःपतित कला’ नावाचं प्रदर्शन भरवलं. संग्रहालयांतून जप्त केलेल्या सुमारे ६५० कलाकृती, भिंतींवर टिंगलीचे मजकूर. किर्शनरची सहाशेच्या वर कामं देशभरातून उचलली गेली. पुढच्या जूनमध्ये त्यानं स्वित्झर्लंडला डाव्होसजवळ आत्महत्या केली. पण हा इतिहास देव-दानवांचा करू नका. ज्याची सगळ्यात जास्त चित्रं जप्त झाली तो एमिल नोल्डे स्वतः नाझी पक्षाचा सभासद होता. आणि कॅलिगारीतले ते दोघे : फाइट १९३३ मध्ये ज्यू पत्नीला घेऊन देश सोडून गेला आणि हॉलिवूडच्या ‘कासाब्लांका’त नाझी मेजर झाला. क्राउस मागे राहिला आणि ‘ज्यू झ्युस’ या विखारी प्रचारपटात त्यानं ज्यूंच्या भूमिका केल्या. शैली माणसाला शहाणं करतेच असं नाही.

आपल्याकडे आला का? आला, पण सामान घेऊन स्टेशनावर उतरला असा नाही. शांतारामबापू ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी जर्मनीला गेले होते. परतल्यावरच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) राजगुरूचा तो पडदाभर डोळा आहे. १९३७ च्या ‘कुंकू’त तर मला याहून बारीक काम दिसतं : पार्श्वसंगीत नाही, घर साधं मध्यमवर्गीय, आणि म्हाताऱ्या काकासाहेबांचं वय घड्याळावर आणि आरशावर जाऊन बसलेलं. घर सरळ, घड्याळ त्यांचं. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये योझेफ विर्शिंग हा म्युनिकचा छायाचित्रकार होता, ‘महल’चा (१९४९) अंधार त्याचाच. त्याला कॅलिगारीचा वारस म्हणू नका, तो त्या टोळीतला नव्हता. पण काळ्यातून चेहरा कसा काढायचा हे त्याला येत होतं.

चित्रांत सरळ नातं दिसतं. नाझींमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले वाल्टर लांगहॅमर, रुडी फॉन लायडन, श्लेझिंगर हे लोक १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुप या चित्रकारांच्या गटाच्या पाठीशी उभे राहिले. त्या गटातला सूझा गोव्यातल्या साळगावचा. त्याचे ख्रिस्त बघा, जाड काळ्या रेघा, कपाळावर सरकलेले डोळे. त्यात जर्मनीपेक्षा लहानपणी बघितलेलं गोव्यातलं चर्च जास्त आहे असं माझं मत, पण दाब तोच.

मराठी नाटकात मला एक जागा सोन्यासारखी वाटते. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७). पूर्ण नाटक वास्तववादी, गावातला एक हॉल, खुर्च्या, खोटाखोटा खटला. शेवटी काशीकर आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात. बाकी सगळे जागच्या जागी थिजतात, उजेड बदलतो, आणि बेणारे बोलत सुटते. ती संपते, तेव्हा बाहेर फक्त ती दहा सेकंदं गेलेली. तिनं ते बोललंच नाही. सगळा वेळ सरळ असलेला कठडा, आणि एकच किंकाळी. तेंडुलकरांनी हे जर्मनांकडून घेतलं असं मी म्हणणार नाही. गरज तीच होती, म्हणून जागा तीच सापडली. ‘घाशीराम’मधली माणसांची भिंत मात्र या खात्यात घालू नका. ती खेळे-दशावताराच्या घराण्यातली, तिथे कोणाच्या डोक्यात शिरायचं काम नाही. वास्तववादी नाही ते सगळं एक्स्प्रेशनिस्ट, असं हल्ली चालतं.

आता तुमचा कारकून. पहिलं, जिलेटिनं काढा. हिरवं म्हणजे मत्सर आणि लाल म्हणजे खून हे बँडवाल्यांचं व्याकरण. पांढरा उजेडच पुरेसा क्रूर असतो. त्याच्या टेबलावर डोक्यावरून सरळ खाली एक प्रोफाइल, म्हणजे कडा कापता येणारा झोताचा दिवा, सोडा, कडा धारदार, गोल टेबलाएवढाच. इतरांना बाजूनं साधा उजेड. तो टेबल सोडून उठला की त्या गोलातून बाहेर पडायची त्याला भीती वाटली पाहिजे, हे नटाशी बोला. भाषाही तोडा. त्याचं साहेबापुढचं लांब स्वगत मला पटलं नाही. आउगुस्ट श्ट्राम नावाचा त्या काळातला कवी तारेच्या मजकुरासारखं लिहायचा, क्रियापदं आणि श्वास, बाकी काही नाही. गंमत म्हणजे तो नोकरीनं टपाल खात्यातलाच अधिकारी होता. तुमच्या कारकुनाला फायलींचेच शब्द द्या : सादर, मंजूर, परत, त्रुटी. त्याच शब्दांत त्याला बायकोशीही बोलू द्या.

आणि बाकीचे? त्यांना नेहमीसारखं वागू द्या. गेओर्ग कायझरच्या ‘पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत’मध्ये एक बँकेचा कॅशियर साठ हजार मार्क घेऊन पळतो, दिवसभर एकेका मुक्कामावर आयुष्य विकत घ्यायला बघतो आणि रात्री एका धर्मसभेत स्वतःला गोळी घालतो. मागच्या पडद्यावर क्रूस शिवलेला आहे, तो त्यावर हात पसरून कोसळतो. त्याच क्षणी सभागृहातले सगळे दिवे फटाफट फुटतात. जग संपलंय. आणि अंधारात शिपाई म्हणतो, लाइनमध्ये शॉर्टसर्किट झालंय.

तुमच्या एकांकिकेत शिपाई आहेच, तीनदा चहा आणतो. त्याला कुठलीच भिंत वाकडी दिसत नाही असं ठरवून एक तालीम करून बघा. आणि ते चार फ्लॅट फेकू नका. तीन सरळ करून घ्या. चौथा, साहेबाच्या दाराकडचा, आहे तसा ठेवा, पण त्या दारातून चहा घेऊन जाताना शिपायाचा कप हिंदकळता कामा नये.